हार्ड डिस्क ३५ वेळा पुसायची गरज नाही

"जुना कॉम्प्युटर देण्याआधी डिस्क ३५ वेळा पुसा, नाहीतर डेटा परत काढता येतो," हा सल्ला अजूनही फिरतोय. हा आकडा संगणक-सुरक्षा संशोधक पीटर गुटमन यांच्या १९९६च्या शोधनिबंधातला. त्यातले जुन्या डेटावर लिहायचे नमुने त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी होते, एकाच डिस्कवर सगळे चालवायला नव्हे. लोक याकडे भुतं पळवायच्या मंत्रासारखं बघतात, असं पुढे खुद्द गुटमन यांनीच वैतागून लिहिलं.

आजच्या फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. नुसतं 'क्विक फॉरमॅट' मात्र चालणार नाही: त्यात अनुक्रमणिका फाडली जाते, पानं जागच्या जागी राहतात.

एसएसडीचं (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं) गणितच निराळं. सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून कंट्रोलर (तिच्यातली नियंत्रक चिप) नवं लिखाण भलत्याच जागी नेतो आणि जुनी प्रत मागे उरू शकते. तिथे ३५ फेऱ्या मारून फक्त एसएसडीचं आयुष्य घटतं. उत्पादकाच्या टूलमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. (चुंबक फिरवणाऱ्यांनी तर नादच सोडावा, एसएसडीत माहिती चुंबकीय रूपात नसतेच.) पहिल्यापासून एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा साठवणं) चालू असेल, तर किल्ली कायमची नष्ट केली की काम झालं.