फ्रान्सहून आलेलं पत्र: सवार, त्याची बायको आणि मधले सगळे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी घोडदळातल्या सवारांची पत्रं आज वाचायला मिळतात, ती टपाल तपासणाऱ्यांमुळे. घरोघरी पोचलेली मूळ पत्रं पावसात भिजली, वाळवीनं खाल्ली, कुठे चुलीतही गेली असतील. सेन्सॉरच्या कचेरीत उतरवून घेतलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, शाबूत आहेत. तेही इंग्रजीत. मूळ उर्दू, हिंदी किंवा गुरुमुखी पत्र पुढे रवाना झालं आणि मागे राहिला तो एका साहेबाच्या कारकुनी इंग्रजीतला त्याचा सांगाडा. नवराबायकोतला जिव्हाळा शोधायचा तर या सांगाड्यातूनच.

२६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेची पहिली तुकडी मार्सेच्या बंदरात उतरली. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सला गेलेल्या हिंदी लोकांची संख्या १ लाख ३८ हजारांच्या घरात गेली. त्यातलं पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) हललं. घोडदळाच्या दोन डिव्हिजन मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथेच होत्या. त्यामुळे १९१६ नंतरच्या उताऱ्यांत सवारांचाच आवाज जास्त ऐकू येतो.

हा सवार कोण, हे मराठी वाचकाला लवकर कळेल, कारण त्याच्या व्यवस्थेचं नावच आपल्या ओळखीचं आहे. हिंदी घोडदळाच्या बहुतेक रेजिमेंटी ‘सिल्लादार’ पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडचा शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हा मराठी फौजेतला भेद इंग्रजांनी आपल्या सोयीनं चालू ठेवला. भरती होताना सवार घोड्यापोटी रक्कम भरायचा. साहजिकच तो बहुधा जमीनजुमला असलेल्या घरातला असे. पत्रातही शेत, गहाणखत, भाऊबंदकीतला खटला, बैलाची विक्री हे विषय सतत येतात. बायकोची विचारपूस या हिशेबाच्या मधेच कुठेतरी एका ओळीत उरकलेली.

पुणं यात आहे, पण नावापुरतं. १८१७ च्या पेशव्यांबरोबरच्या तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स १९१४ मध्ये फ्रान्सला गेली खरी, पण तोवर तिच्यात मुख्यतः राठोड राजपूत आणि कायमखानी मुसलमान यांचा भरणा होता. या रेजिमेंटचा लेफ्टनंट फ्रँक डी पास नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्टुबेरजवळ मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो खंदकातल्या कामगिरीसाठी. घोडदळाचं पुष्कळसं युद्ध असंच पायउतार होऊन लढलं गेलं. अपवाद सांगायचा तर १४ जुलै १९१६ चा: सोमच्या लढाईत हाय वुडजवळ डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे सवार भाले घेऊन उभ्या पिकातून दौडले. बाकी महिनोन्‌महिने ‘शत्रूची फळी फुटली की घोडे सोडू’ या आशेवर उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दीच्या खेड्यांत मुक्काम. पत्रं लिहायला वेळच वेळ.

आता पत्राचा प्रवास पाहू. बऱ्याच सवारांना लिहिता येत नसे, म्हणून सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. मग रेजिमेंटचा अधिकारी ते चाळायचा. पुढे फ्रान्समधल्या बुलोन्य बंदरातल्या सेन्सॉरच्या कचेरीत इव्हलिन हॉवेल या, एरवी भारतात मुलकी नोकरीत असलेल्या, ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते पुन्हा तपासलं जायचं. १९१५ च्या मार्चमध्ये आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहिली जात. सगळी वाचणं शक्य नव्हतं, म्हणून निवडक वाचायची, उतारे काढायचे आणि फौजेच्या मनःस्थितीचा साप्ताहिक अहवाल वर पाठवायचा. हॉवेलनं एका अहवालात नोंदवलं की शिपाई पत्रांत कविता लिहू लागले आहेत, आणि हे मन अस्वस्थ असल्याचं लक्षण त्याला वाटतं. वाक्य अधिकाऱ्याचं असलं तरी निरीक्षण मला पटतं. ओव्या आपल्या बायकाही सुखात बसून रचत नव्हत्या.

बोटीनं मुंबईला येऊन पत्र गावी पोचलं की ते वाचणार कोण? १९११ च्या जनगणनेत साक्षर स्त्रियांचं प्रमाण शंभरात जेमतेम एक. म्हणून पत्र बापाच्या, भावाच्या नाहीतर मित्राच्या नावे. बायकोला सांगायचं ते त्यांच्यामार्फत, तेही आडून. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागणाऱ्या समाजाला हे समजावून सांगायला नको. गावचा मास्तर किंवा पोस्टमन ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार, सासरा ऐकणार, आणि ती दाराआडून. तिचं उत्तरही दुसऱ्याच कुणाच्या हातचं. बायकांची अशी पत्रं संग्रहात आहेत, पण थोडी.

मजकूर अर्थातच सांभाळून. एका प्रसिद्ध पत्रात काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात असं लिहिलं होतं. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून तर आपल्याला कळलं. न कळलेल्या खुणा पाकिटातून सुखरूप घरी गेल्या, दप्तरात त्यांचा मागमूस नाही.

रजा हे मोठं दुखणं. जखमी बरा झाला की पुन्हा आघाडीवर, याचाही राग पत्रांतून उमटतो. घरचा माणूस तीन-तीन वर्षं नजरेला नाही आणि घोडदळाला घरी जायची रजा अगदी मोजकी.

सगळ्यात रमून लिहिलेलं मात्र परक्या घरांबद्दल आहे. खेड्यांत फ्रेंच कुटुंबांकडे उतरलेल्या सवारांना यजमानीण आईसारखी वाटे. एकानं लिहिलं की म्हातारी त्याचे कपडे धुवी, अंथरूण घाली आणि तो निघाला तेव्हा रडली. तिथल्या बायका शेत नांगरतात, हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र वाचतात, हे पाहून काहींनी घरी कळवलं की आपल्या मुलींना शाळेत घाला. जिला स्वतःचं पत्र वाचता येत नाही तिच्या मुलीबद्दलची ही सूचना मास्तरानं ओसरीवर वाचली असेल, तेव्हा दाराआडच्या बाईनं काय केलं, याचा उतारा कोणी काढला नाही.