प्रतिस्पर्धी प्रमोशन आणि कुस्तीगिराची कारकीर्द

व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या कंपन्या टीव्हीवर दाखवतात त्या कुस्तीत, एकाच माणसाची कारकीर्द एका कंपनीत खुंटते आणि दुसऱ्या कंपनीत बहरते. कधी नेमके उलट घडते. सामने भरवणाऱ्या, कुस्तीगिरांशी करार करणाऱ्या आणि किताब देणाऱ्या अशा कंपनीला या व्यवसायात ‘प्रमोशन’ म्हणतात. प्रमोशन बदलल्याने कुस्तीगिराचे काय होते आणि ‘हाच गडी तिकडे असता तर?’ हा चाहत्यांचा जुना प्रश्न कशाच्या आधारे सोडवायचा, याचा विचार या नोंदीत केला आहे.

फुटबॉलपटूने क्लब बदलला तरी गोल हा गोलच राहतो. व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार, सामना किती मिनिटे चालणार, माइक कोणाच्या हाती जाणार, हे ठरवणाऱ्या माणसाला बुकर म्हणतात. म्हणून जय-पराजयाची यादी पाहून कुस्तीगिराची कुवत मोजता येत नाही. त्या यादीवरून फार तर बुकरचा त्याच्यावर किती भरवसा होता एवढे कळते. ताकद, चपळाई, बोलण्याची ढब हे गुण माणूस सोबत घेऊन येतो, पण त्यातले किती लोकांसमोर येऊ द्यायचे ते प्रमोशनच्या हातात असते. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे जागा. तो आला तेव्हा वरची जागा रिकामी होती का, हे आधी पाहावे लागते. चाहत्यांच्या चर्चेत गुणांचा कीस काढला जातो, जागेचा विचार सहसा होत नाही.

रिकामी जागा: स्टीव्ह ऑस्टिन

1991 ते 1995 या काळात स्टीव्ह ऑस्टिन डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन प्रमोशनमध्ये ‘स्टनिंग’ या बिरुदाने लढत होता. लांब सोनेरी केस, तांत्रिक कुस्तीवर पकड, ब्रायन पिलमनबरोबरची ‘हॉलीवूड ब्लाँड्स’ ही जोडी. कमी काही नव्हते. 1994 च्या उन्हाळ्यात हल्क होगन त्या कंपनीत आला आणि त्याच्या मागोमाग त्याचे जुने सहकारी आले. सप्टेंबर 1994 मध्ये त्यांच्यापैकी जिम डगनने ऑस्टिनकडून युनायटेड स्टेट्स किताब एका मिनिटाच्या आत काढून घेतला. त्या एका मिनिटात कंपनीने आपले मत सांगून टाकले होते. पुढच्या वर्षी दंडाच्या दुखापतीने घरी बसलेला असताना ऑस्टिनला नारळ मिळाला.

प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये, तो आला तेव्हाही कोणी पायघड्या घातल्या नाहीत. त्याला ‘रिंगमास्टर’ हे नाव दिले आणि बोलण्यासाठी टेड डिबियासी हा मॅनेजर दिला, म्हणजे ज्याचे तोंड हेच हत्यार त्याच्याच तोंडाला कुलूप. नवे नाव हवे म्हणून कंपनीने थंडी आणि बर्फ यांवरून नावांची यादी काढली. त्यात फँग मॅकफ्रॉस्टसारखी नावे होती. शेवटी नाव सापडले ते घरी. चहा ‘स्टोन कोल्ड’ होण्याआधी पिऊन घे, असे त्याची पत्नी म्हणाली आणि तेच बिरुद ठरले.

नावाने काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे घडले ते दुसऱ्यांच्या पक्षांतरामुळे. मे 1996 मध्ये डिबियासी कंपनी सोडून गेला आणि माइक ऑस्टिनकडे आला. त्याच महिन्यात केविन नॅश आणि स्कॉट हॉल डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाले. 19 मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमात ते दोघे, शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच रिंगमध्ये एकत्र आले आणि कथेत परस्परविरोधी बाजूंना असलेल्या या चौघांनी प्रेक्षकांसमोर गळाभेट घेतली. ‘कर्टन कॉल’ म्हणून ही घटना ओळखली जाते. कथेचा पडदा असा उघड फाडणे त्या काळी अक्षम्य मानले जाई. दोघे कंपनी सोडून चाललेले, मायकल्स विजेता, म्हणून शिक्षा झाली ती एकट्या ट्रिपल एचला. ‘किंग ऑफ द रिंग’ ही स्पर्धा तो जिंकणार होता. त्याच्या जागी ऑस्टिनची निवड झाली.

23 जून 1996 रोजी उपांत्य सामन्यात मार्क मेरोच्या लाथेने ऑस्टिनचा ओठ फाटला. इस्पितळात टाके घालून तो परतला, तेव्हा त्याला कळले की अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी जेक रॉबर्ट्स बायबलचे दाखले देत बोलला आहे. रॉबर्ट्सला हरवल्यावर ऑस्टिनने जॉन 3:16 या वचनाला उत्तर म्हणून ‘ऑस्टिन 3:16’ हे शब्द उच्चारले. ते कोणी लिहून दिले नव्हते. थोड्याच दिवसांत प्रेक्षकांतून तसे फलक झळकू लागले आणि मार्च 1998 मध्ये तो जागतिक विजेता झाला. पुढच्याच महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ने डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘नायट्रो’ची सलग 83 आठवड्यांची टीव्ही रेटिंगमधली आघाडी मोडली.

ऑस्टिन डब्ल्यूसीडब्ल्यूतच राहिला असता तर काय झाले असते, याचे उत्तर या क्रमातच मिळते. गुण तेच असते, पण तिथे होगन, सॅव्हेज, स्टिंग, फ्लेअर ही रांग पुढे उभी होती आणि जुलै 1996 पासून होगन, नॅश, हॉल यांच्या एनडब्ल्यूओ गटाने कार्यक्रमाचा मोठा वेळ व्यापला. ऑस्टिन तिथे चांगला मिड-कार्ड, म्हणजे मधल्या फळीचा, कुस्तीगीर राहिला असता, याहून मोठा अंदाज बांधायला आधार नाही.

भरलेली जागा: ब्रेट हार्ट

ब्रेट हार्टची कथा याच्या अगदी उलट आहे आणि तिची हळहळ अजून सरलेली नाही. 1996 मध्ये त्याने डब्ल्यूसीडब्ल्यूचा मोठा प्रस्ताव नाकारून डब्ल्यूडब्ल्यूएफशी 20 वर्षांचा करार केला. वर्षभरात मालक व्हिन्स मॅकमहनने हा खर्च झेपत नसल्याचे सांगून त्याला तिकडे जायला सुचवले. 9 नोव्हेंबर 1997 रोजी माँट्रियलमध्ये, त्याला न सांगता, त्याने शरणागती दिलेली नसताना घंटा वाजवून त्याचा किताब मायकल्सला देण्यात आला. ‘माँट्रियल स्क्रूजॉब’ म्हणून गाजलेल्या या फसवणुकीमुळे ब्रेट त्या घडीला कुस्तीतला सर्वाधिक चर्चेतला माणूस होता. नव्या कंपनीला याहून चांगले भांडवल मिळाले नसते.

डब्ल्यूसीडब्ल्यूने ते वापरले कसे, ते पाहा. डिसेंबर 1997 मध्ये ‘स्टारकेड’ या मोठ्या कार्यक्रमातल्या होगन-स्टिंग सामन्यात पंचाने घाईघाईने तीन मोजायचे आणि ब्रेटने धावत येऊन ‘असा अन्याय पुन्हा होऊ देणार नाही’ म्हणत सामना पुढे चालू करायचा, अशी आखणी होती. पंचाने मोजले नेहमीच्याच वेगाने. घरी बसलेल्या प्रेक्षकाला स्टिंग सरळ हरलेला दिसला आणि ब्रेट उगाच तंटा करताना दिसला. त्यानंतर तो कधी या गटात, कधी त्या गटात फिरत राहिला. तिथला पहिला जागतिक किताब मिळायला नोव्हेंबर 1999 उजाडला आणि पुढच्याच महिन्यात गोल्डबर्गच्या लाथेने झालेल्या मेंदूच्या इजेने त्याची कारकीर्द संपवली. ती लाथ कोणत्याही कंपनीत बसू शकली असती, तिचा दोष पक्षांतराला देता येणार नाही. वाया गेलेल्या दोन वर्षांचा मात्र देता येतो.

नाव कोणाचे

कुस्तीगीर कंपनी बदलतो तेव्हा त्याचे नाव बहुधा मागेच राहते, कारण त्याची मालकी प्रमोशनकडे असते. स्कॉट हॉल हा ‘रेझर रॅमोन’ होता आणि नॅश ‘डिझेल’. 1996 मध्ये दोघे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या पडद्यावर आले ते आधी नावाविना. डब्ल्यूडब्ल्यूएफने कायदेशीर आक्षेप घेतल्यावर डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रमुख एरिक बिशॉफ याला कॅमेऱ्यासमोर त्यांना विचारावे लागले, तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफचे नोकर आहात का? दोघांनी नाही म्हटले. इकडे डब्ल्यूडब्ल्यूएफने तीच नावे, तेच कपडे दुसऱ्या दोघांना घातले. प्रेक्षकांनी ती सोंगे साफ झिडकारली. त्यातला नकली डिझेल म्हणजे ग्लेन जेकब्स. वर्षभरात तोच मुखवटा घालून ‘केन’ म्हणून आला आणि पुढे बरीच वर्षे टिकला. नाव कंपनीचे असले तरी त्यातला जीव माणसाचा असतो, हे या एका प्रयोगाने दाखवून दिले.

मार्क कॅलवे 1990 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत ‘मीन मार्क’ म्हणून लढत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला ‘अंडरटेकर’, म्हणजे अंत्यविधी करणारा, केले. उंची तीच, थंड नजरही तीच, पण आता तिला कारण मिळाले होते.

रे मिस्टीरिओचा मुखवटा

डब्ल्यूसीडब्ल्यूने हलक्या वजनाच्या कुस्तीगिरांना जे दिले, ते तेव्हा अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कंपनीने दिले नव्हते: क्रूझरवेट हा स्वतंत्र किताब आणि भरपूर वेळ. मेक्सिकोच्या लुचा लिब्रे शैलीत वाढलेल्या रे मिस्टीरिओ आणि एडी गरेरो यांचा ऑक्टोबर 1997 चा किताब विरुद्ध मुखवटा हा सामना आजही आवर्जून पाहावा असा आहे. पण हा किताब म्हणजे जितकी पायरी, तितकेच छप्परही होते. फेब्रुवारी 1999 मध्ये रेला मुखवटा उतरवायला लावला गेला. लुचा परंपरेत मुखवटा हीच कुस्तीगिराची ओळख असते, तो गमावणे म्हणजे आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव. डब्ल्यूसीडब्ल्यूने तो क्षण गर्दीत उरकून टाकला.

2002 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आल्यावर रेने पुन्हा मुखवटा घातला. मुले तसाच मुखवटा घालून पहिल्या रांगेत येऊन बसू लागली आणि तो रिंगकडे जाताना त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवू लागला. 2006 च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, तो वर्ल्ड हेवीवेट विजेता झाला. एडी गरेरो त्याआधी, फेब्रुवारी 2004 मध्ये, ब्रॉक लेस्नरला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई विजेता झाला होता. मोठ्या देहांची कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी लहान देहाचे दोघे शिखरावर पोहोचले, आणि ज्या कंपनीने त्यांची कुस्ती लोकांना दाखवली तिथे मात्र पोहोचले नाहीत.

जपान

जपानमध्ये हा फरक वेगळ्या प्रकारचा असतो. न्यू जपान आणि ऑल जपान ही दोन्ही प्रमोशने 1972 मध्ये स्थापन झाली, पहिले अँटोनियो इनोकीचे, दुसरे जायंट बाबाचे. परदेशी कुस्तीगिराला तिथे बोलून दाखवण्याची गरज नसे, फटका जोरात बसला की पुरे. स्टॅन हॅन्सनची दृष्टी फार अधू होती. रिंगमध्ये चष्मा नसल्याने अंदाज येत नसे आणि त्याचा लॅरिअट, म्हणजे आडव्या हाताचा फटका, समोरच्याला खरोखर लागे. जपानी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. डिसेंबर 1981 मध्ये तो इनोकीला सोडून बाबाकडे गेला आणि पुढची जवळपास दोन दशके तिथेच राहिला. 1986 मध्ये एडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीने त्याला किताब हरायला सांगितले, तेव्हा नकार देऊन तो बेल्ट घेऊन निघून गेला. त्याच्या लेखी महत्त्वाचे प्रमोशन कोणते, हे त्याने तेव्हा दाखवून दिले.

जाऊन परत येणे

अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण कोडी रोड्सचे. डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला चेहरा रंगवून ‘स्टारडस्ट’ केले. तो भाग बंद करा, ही विनंती ऐकली जात नाही म्हणून मे 2016 मध्ये तो बाहेर पडला. रोड्स हे आडनावही वापरता येत नव्हते. नुसता ‘कोडी’ म्हणून तो जगभर फिरला, सप्टेंबर 2018 मध्ये वडील डस्टी रोड्स यांनी जिंकलेला एनडब्ल्यूए या जुन्या संघटनेचा किताब जिंकला आणि 2019 मध्ये एईडब्ल्यू या नव्या प्रमोशनच्या उभारणीत सामील झाला. आडनाव परत मिळायला 2020 चा नोव्हेंबर लागला. एप्रिल 2022 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत परतला तो बाहेर घडवलेले नाव, गाणे आणि पेहराव जसेच्या तसे घेऊन. 7 एप्रिल 2024 रोजी त्याने तिथला विजेता रोमन रेन्स याला हरवले. सहा वर्षे घराबाहेर काढली नसती तर ही जागा त्याला मिळाली असती, असे मला वाटत नाही.

पण जायला दुसरे घर हवे. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि अमेरिकेतल्या कुस्तीगिरांचे सौदाशक्तीचे दिवस संपले. 2002 मध्ये टीएनए ही कंपनी निघाली, ए. जे. स्टाइल्ससारखे लोक तिथे घडले, तरी पैशाच्या बाबतीत तोलामोलाचा दुसरा पर्याय उभा राहिला तो 2019 मध्येच.

न गेलेला माणूस

स्टिंग हा या साऱ्याला अपवाद. डब्ल्यूसीडब्ल्यू बंद होईपर्यंत तो तिथेच होता आणि नंतरही 13 वर्षे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला नाही. 2014 मध्ये अखेर गेला, तेव्हा पुढच्या वर्षी रेसलमेनियात ट्रिपल एचकडून हरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मानेच्या दुखापतीने बाहेर पडला. सगळ्यांनी त्याची कारकीर्द संपली असे धरले होते. डिसेंबर 2020 मध्ये तो एईडब्ल्यूत आला, डार्बी ॲलिन या तरुणाच्या जोडीने लढू लागला आणि तिथे एकदाही हरला नाही. 3 मार्च 2024 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी, टॅग टीम, म्हणजे जोडीच्या कुस्तीचा, विजेता म्हणून तो शेवटचा सामना लढला. जागा ग्रीन्सबरो कॉलिसियम. याच सभागृहात मार्च 1988 मध्ये रिक फ्लेअरशी 45 मिनिटे बरोबरीत लढून तो पहिल्यांदा मोठा झाला होता.