कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप: एकाच फ्लॅटची वेगवेगळी मापं कुठून आली?

फ्लॅट बघायला गेलेल्या माणसासमोर पहिल्याच भेटीत कार्पेट, लोडिंग, एफएसआय, टीडीआर, ओसी, कन्व्हेयन्स अशा शब्दांची फैर झडते. विकणाऱ्याला ते रोजचे असतात. घेणारा मात्र आयुष्यभराची पुंजी लावत असूनही निम्म्या शब्दांवर नुसती मान डोलावतो. महाराष्ट्रात यातले बरेच शब्द एखाद्या कायद्यातून आले, नाहीतर त्या कायद्याला शोधलेल्या पळवाटेतून.

सुरुवात भाड्याच्या घरांपासून करावी लागते. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकली. महागाईने पिचलेल्या भाडेकरूला त्याचा मोठा आधार झाला, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला काही राम उरला नाही. जुन्या जागांचे व्यवहार पागडीवर, म्हणजे भाड्याखेरीज घेतलेल्या एकरकमी पैशांवर, होऊ लागले. कायद्याने ती घेणं गुन्हा होता, तरी ती सर्रास चालायची. 31 मार्च 2000पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने अखेर पागडीला मान्यता दिली.

भाड्याची घरं आटली तशी मालकीच्या फ्लॅटची चलती सुरू झाली आणि गैरप्रकारही. त्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने 1960 मध्ये समिती नेमली आणि 1963 मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे ‘मोफा’, आला. ठरलेल्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम आगाऊ घ्यायची असेल तर आधी लेखी करार करायचा आणि त्याची नोंदणी करायची. खरेदीदारांची संस्था स्थापन करायची. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची. हे शेवटचं काम म्हणजे कन्व्हेयन्स. नेमकं तेच वर्षानुवर्षं रखडलं, कारण जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिली की पुढे वाढणाऱ्या बांधकाम हक्कांवरही दावा सांगता येतो. शेवटी 2008च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, आणलं. बिल्डर सही करत नसेल तर संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ही तरतूद यायला 45 वर्षं लागली. तोवर अनेक इमारती जुन्या होऊन पुनर्विकासाच्या दाराशी आल्या होत्या.

आता एफएसआय. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, याचा हा आकडा. 1000 चौरस मीटरच्या भूखंडावर 1 एफएसआय असेल तर सगळ्या मजल्यांचं मिळून 1000 चौरस मीटर बांधायचं. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर भागासाठी 1.33 आणि उपनगरांसाठी साधारण 1 असा आकडा होता. टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय बांधकाम हक्क, हाही त्याच नियमावलीने रूढ केला. रस्ता किंवा बागेसाठी आरक्षित जमीन मालकाने पालिकेला दिली, तर पैशांऐवजी त्याला बांधकामाचा हक्क मिळायचा आणि तो हक्क विकताही यायचा. पालिकेला रोख न मोजता जमीन मिळण्याची सोय झाली. पण टीडीआर वापरता यायचा तो उपनगरांत, शहर भागात नाही. त्यामुळे वाढीव मजल्यांचा सगळा भार उपनगरांच्या रस्त्यांवर आणि पाण्याच्या लाइनींवर आला.

पण खरा खेळ एफएसआयमध्ये काय मोजायचं आणि काय वगळायचं, यात झाला. ठरावीक प्रमाणातल्या बाल्कन्या, फ्लॉवर बेड, कोनाडे असे भाग एफएसआयमध्ये धरले जात नसत. मग नकाशांवर फ्लॉवर बेड वाढू लागले. पालिकेच्या कागदावर झाडांची जागा, खरेदीदाराला विकताना खोलीचा भाग! 2012 मध्ये मुंबईत हे भाग एफएसआयमध्ये मोजायचे ठरलं आणि त्याची भरपाई म्हणून निवासी बांधकामाला 35 टक्क्यांपर्यंत जादा एफएसआय, म्हणजे फंजिबल एफएसआय, देण्यात आला, बहुतेक वेळा प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून. 2020च्या अखेरीस राज्यातल्या इतर बहुतेक शहरांसाठी एकत्रित नियमावली आली. त्यात असाच जादा ‘अँसिलरी एफएसआय’ आहे, निवासी बांधकामासाठी 60 टक्क्यांपर्यंत.

पालिकेने काय मोजलं आणि खरेदीदाराला काय मोजून दिलं, यांचा मेळ बसत नव्हता. सुपर बिल्ट-अप याच फटीत वाढलं. कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरायची जागा. बिल्ट-अपमध्ये निदान फ्लॅटच्या भिंती धरलेल्या असतात. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लब हाउसचाही वाटा घातला जायचा. किती घालायचा, हे कुठल्याच कायद्यात नव्हतं. 600 चौरस फुटांच्या कार्पेटवर 40 टक्के लोडिंग, म्हणजे हा वाढीव वाटा, लावलं की कागदावर घर 840 चौरस फुटांचं होतं. सामाईक जागेचा खर्च किमतीत यावा हे समजण्यासारखं आहे, पण तो मापात मिसळला की दोन इमारतींचे दर शेजारी ठेवून पाहताच येत नाहीत. पार्किंगचंही तसंच झालं. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, जागा वेगळे पैसे घेऊन विकल्या जात होत्या. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात निकाल दिला की स्टिल्ट पार्किंग म्हणजे मोफातलं गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही.

2016च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या देशभरासाठी एकच केली: वापरता येणारी जागा, आतल्या भिंतींसह, बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून. 1 मे 2017पासून महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्पांची नोंदणी सुरू झाली आणि करारात हेच माप लिहिणं बंधनकारक ठरलं. नोंदणीकृत कराराशिवाय घेता येणारी आगाऊ रक्कमही 10 टक्क्यांवर आली.

तरी जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत एक गोष्ट नीट पाहायलाच हवी. मोफाखालच्या करारात कार्पेट एरिया बाल्कनीसह लिहायचा होता, बाल्कनीचं माप वेगळं दाखवून. रेराचा कार्पेट बाल्कनीशिवाय असतो. म्हणजे 2005च्या करारातले 600 फूट कार्पेट आणि 2019च्या करारातले 600 फूट कार्पेट ही दोन वेगळी घरं आहेत. त्यातून आधीच्या मालकाने बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर मंजूर नकाशा मागून घ्यावा आणि प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून मोजावी.