‘भांडू द्या, त्यांचं ते ठरवतील’ हा गैरसमज
रस्त्यावरून वाचवलेली दोन कुत्री घरी आणली की सल्ला ठरलेला: एकदा भांडू द्या, बॉस कोण ते ठरेल. या समजुतीचं मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासात आहे, तोही पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या. रानातला कळप बहुधा आईबाप आणि पिल्लांचाच असतो, तिथे बॉस ठरवायला भांडणं क्वचितच होतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये मांडलं.

घरात खटके उडतात ते खाण्यावरून, झोपायच्या जागेवरून. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून; रिकामी भांडीही लगेच उचला, दुसऱ्याचं भांडं चाटायला गेलं की हमखास जुंपते. पहिली ओळख बाहेर, दोघांना वेगळ्या माणसांनी साखळीवर धरून, पाच-सहा मीटर अंतरावरून एकाच दिशेने चालवत. अंग ताठ, नजर रोखलेली दिसली की हाक मारून लांब न्या. गुरगुरण्यावर ओरडू नका. तो इशारा असतो; तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रं थेट चावू शकतं.