रस्त्याचा-रेल्वेचा आवाज कमी करायचाय? आधी जमीन, मग झाडं

महामार्गाला किंवा रेल्वेमार्गाला लागून घर असलेले बहुतेक ग्राहक एकच मागणी घेऊन येतात: "कंपाउंडला अशोकाची दाट रांग लावून द्या, आवाज थांबेल." एका रांगेने रस्ता दिसेनासा होतो, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. झाडांनी ५ डेसिबल कमी करायचे तर सुमारे शंभर फूट रुंदीचा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दाट पट्टा लागतो. म्हणून नुसत्या झाडांचं कोटेशन आम्ही आवाजाच्या नावाखाली देत नाही.

खरं काम जमीन करते. टायरचा आणि चाक-रुळांचा आवाज अगदी खालून निघतो. कोबा किंवा पेव्हर ब्लॉक त्याला परतवतात आणि तो थेट घराकडे येतो. भुसभुशीत मातीच्या छिद्रांत त्यातला बराच मुरतो. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की कडक जमिनीवर साधारण ३ डेसिबल घटतात, मऊ जमिनीवर साडेचारच्या आसपास.

आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक इथेच होते. रस्ता आणि घर यांच्यामधल्या पट्ट्यात माती पसरून झाली की लॉन सपाट दिसावं म्हणून गवंड्याकडून रोलर फिरवून घेतला जातो, नाहीतर त्या पट्ट्यावर गाडी लागते. दबलेली माती आवाजाला कोब्यासारखीच. मग लॉन काढा, नऊ इंच माती उकरा, शेणखत मिसळा, पुन्हा लावा, खर्च तुमचाच. पट्टा दबलाय का हे घरीच कळतं: बादलीभर पाणी ओता. ते लगेच मुरलं तर ठीक, डबकं साचून राहिलं तर आम्हाला बोलवा. आमचं लॉन सुरुवातीला थोडं उंचसखल दिसतं ते याचसाठी. गवत दोन-तीन इंच राहू द्या आणि झाडांखालचा पालापाचोळा झाडून काढू नका, त्याने माती मऊ राहते. पार्किंगची जागा आराखड्याआधी सांगा, ती बाजूला काढता येते.

याहून जास्त फरक हवा असेल तर मातीचा बांध. खिडकीतून रस्ता दिसेनासा होईल एवढी उंची झाली की सुमारे ५ डेसिबल, पुढे दर मीटरला दीडेक. सहा फूट उंच, माथ्याला तीन फूट आणि दोन्ही बाजूंना दोनास एक (दोन फूट आडवं, एक फूट उभं) उतार धरला तर पायथा २७ फूट होतो. दर दहा फूट लांबीला ९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भराव, तोही दाबून झाल्यावरचा, त्यामुळे सुटा मुरूम जास्तच मागवावा लागतो. जागा अपुरी असेल तर घराकडची बाजू गॅबियनने, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्यांनी, उभी करतो, मग पायथा १५ फुटांत बसतो. आतला मुरूम थराथराने दाबतो, वरची फूटभर माती मात्र सुटीच ठेवतो. गाभ्यात काळी माती घालत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात बांध खचतो. भराव मे महिन्याच्या आत, उतारावर वाळा पहिल्या पावसाबरोबर. मध्येच फाटकासाठी सरळ खिंड ठेवली तर आवाज तिथूनच आत येतो, म्हणून बांधाची टोकं आम्ही एकमेकांपुढे सरकवून घेतो.

इंजिनाचा हॉर्न उंचावरून वाजतो, तो बांधाने फारसा अडत नाही. दुसऱ्या मजल्यावरही जमिनीचा उपयोग नगण्य. तिथे खिडक्यांच्या फटी आणि काच बघावी लागते, ते काम आम्ही करत नाही.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: रस्त्याच्या किंवा रुळाच्या कडेपासून घराच्या भिंतीपर्यंतचं अंतर, रस्ता तुमच्या जोत्यापेक्षा उंच आहे की खोल, आणि झोपायची खोली कितव्या मजल्यावर आहे.