कागदी कापडापासून बर्चच्या झग्यापर्यंत

हेलसिंकीत फिनिश फॅशनच्या इतिहासाचं प्रदर्शन पाहायला गेलं, की पाय आपोआप मारिमेक्को या फिनिश कंपनीच्या रंगीत झग्यांकडे वळतात. माझं सांगणं असं, की त्याआधी युद्धकाळातले कपडे शोधा. तिथे थोडा वेळ थांबलात, तर पुढचे रंग कुठून आले ते उमगतं.

कापड फिनलंडला नवं नव्हतं. टाम्पेरे हे त्यांचं गिरणगाव. जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसाने 1820 मध्ये तिथे कारखाना काढला आणि त्यातूनच पुढे मोठी सूतगिरणी उभी राहिली. पण कापूस बाहेरून यायचा. नोव्हेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा चालून आल्या आणि युद्धाच्या त्या वर्षांत कापूस-लोकर मिळेनाशी झाली. कपड्यांना रेशन लागलं, जुने कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवले गेले. देशात भरपूर होतं ते फक्त लाकूड. मग कागदाचं सूत काढून त्याचं कापड विणलं, बुटांना लाकडी तळवे लावले. शेवटचं रेशन होतं कॉफीचं, ते 1954 मध्ये उठलं.

याच युद्धात करेलिया प्रांताचा मोठा भाग गेला आणि चार लाखांहून अधिक माणसं विस्थापित झाली. आर्मी रातिया त्यांच्यातलीच. वीपुरी शहरात तिचं विणकामाचं दुकान होतं. ते शहरच सीमेपलीकडे गेलं. हेलसिंकीत येऊन ती जाहिरातीच्या कामाला लागली. नवरा विल्यो याने प्रिंटेक्स नावाचा मेणकापडाचा कारखाना घेतला होता. तिथे तिने तरुण चित्रकारांकडून सुती कापडावर छापण्यासाठी ठळक नक्ष्या करून घेतल्या. लोकांना कापड आवडायचं, पण त्याचं करायचं काय ते कळेना. म्हणून 20 मे 1951 रोजी हेलसिंकीतल्या कलास्तायातोर्प्पा रेस्टॉरंटमध्ये त्याच कापडाचे कपडे घालून दाखवण्याचा कार्यक्रम झाला. ते रीट्टा इम्मोनेनने बेतले होते. त्याच महिन्यात मारिमेक्को कंपनीची नोंदणी झाली. नावाचा अर्थ साधाच, ‘मारीचा झगा’.

त्या काळी पॅरिसची फॅशन बाईची कंबर आवळत होती. फिनलंडमध्ये मारिमेक्कोची डिझायनर वुओक्को नुर्मेस्निएमी हिने कंबर मोकळी सोडली. तिचे कपडे सरळ, ऐसपैस, बाईला चालता-वाकता येईल असे. 1953 च्या तिच्या पिक्कोलो नक्षीत दोन रंगांचे पट्टे जिथे एकमेकांवर चढतात, तिथे तिसरा रंग उमटतो. याच कापडाचा ‘योकापोइका’ शर्ट 1956 मध्ये आला, आणि तो आजही विकला जातो. प्रदर्शनात हे कापड दिसलं तर अगदी जवळून पाहा. पट्ट्यांच्या कडा हाताने ओढल्यासारख्या किंचित हलत्या आहेत. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते ती ही कड.

जगाचं लक्ष गेलं 1960 मध्ये. अमेरिकेत निवडणुकीचा प्रचार चालू होता आणि पॅरिसच्या महागड्या कपड्यांवरून उमेदवार जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन यांच्यावर टीका होत होती. त्यांनी मारिमेक्कोचे साधे सुती झगे घेतले. त्यातल्याच एकात त्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकल्या. मारिमेक्को फुलांची नक्षी छापणार नाही, असं आर्मी रातियाने जाहीर केलं होतं. कंपनीसाठी नक्ष्या काढणाऱ्या माइया इसोलाने ते मानलं नाही. 1964 मध्ये तिने फुलांची अख्खी मालिका काढली, आणि तिच्यातलंच ‘उनिक्को’, म्हणजे खसखशीचं फूल, आज कंपनीची ओळख आहे. 1968 मध्ये आन्निका रिमालाने ‘तासाराइता’ आणली: सारख्या रुंदीच्या पट्ट्यांचे सुती कपडे, बाई-पुरुष-मूल सगळ्यांना एकच. ‘तासा’ म्हणजे सारखं, समान, आणि तिला नेमकं तेच म्हणायचं होतं.

नंतरचा काळ कठीण गेला. फिनलंडचे कारखाने सोव्हिएत बाजारासाठी ढिगाने कपडे शिवत होते; 1991 मध्ये ते गिऱ्हाईकच नाहीसं झालं आणि कितीतरी कारखान्यांना टाळं लागलं.

नव्या पिढीने पुन्हा लाकडाला हात घातला, या वेळी मात्र प्रयोगशाळेत. आल्टो विद्यापीठ आणि हेलसिंकी विद्यापीठाने लाकडाचा लगदा विरघळवून त्यातून रेशमासारखा धागा काढण्याची ‘आयोनसेल’ पद्धत विकसित केली. 6 डिसेंबर 2018 रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येन्नी हाउकिओ पाहुण्यांचं स्वागत करायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर फिनिश बर्चच्या लाकडातून काढलेल्या धाग्याचा पांढरा झगा होता.