पहिली आवृत्ती राहू द्या, १५१५ ची बघा: इरॅस्मसच्या ‘मूर्खपणाच्या स्तुती’ची पार्श्वभूमी

जुन्या पुस्तकांच्या बाजारात पहिल्या आवृत्तीला भाव जास्त, ते ठीकच आहे, पण डच विद्वान इरॅस्मसच्या ‘मूर्खपणाची स्तुती’ या लॅटिन पुस्तकापुरतं मला विचाराल तर खरी मोलाची आवृत्ती १५१५ ची, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहान फ्रोबेनने छापलेली.

झालं असं की १५०९ मध्ये इरॅस्मस इटलीहून इंग्लंडला आला, लंडनमध्ये मित्र थॉमस मोरच्या घरी उतरला, मूत्रपिंडाचं दुखणं चालू, स्वतःची पुस्तकं अजून पोचलेली नाहीत, आणि अशात आठवडाभरात त्याने हे लिहून काढलं असं तो स्वतःच सांगतो. मूर्खता ही बाई व्यासपीठावर चढते आणि स्वतःचीच आरती ओवाळते, की माझ्यावाचून तुमची लग्नं टिकणार नाहीत, राजेलोकांचं चालणार नाही, पंडितांचं तर नाहीच नाही. हसत हसत ती बिशप आणि पोपपर्यंत जाते.

१५११ ला पॅरिसला जिल द गुर्मोंने ते छापलं, पण चुका भरलेल्या आणि अर्धवट प्रतीवरून, ही इरॅस्मसची तक्रार. म्हणजे पहिली आवृत्ती लेखकालाच मान्य नव्हती! तरी त्याच वर्षी स्ट्रासबर्गला परत छापलं गेलं, आणि १५१४ च्या आवृत्तीत त्याने धर्मपंडित आणि मठवासी साधूंवरचा भाग चांगलाच वाढवला. आज आपण जे वाचतो त्यातला सगळ्यात धारदार मजकूर पॅरिसच्या प्रतीत नाहीच.

मग फ्रोबेन. त्याने विद्वान गेरार्ड लिस्ट्रियसच्या टिपा जोडल्या, त्यात इरॅस्मसचा स्वतःचाही हात होता, त्यामुळे ग्रीक शब्द आणि आडून मारलेले टोमणे सामान्य लॅटिन वाचकालाही कळायला लागले. १८०० प्रती छापल्या आणि एप्रिल १५१५ मध्ये फ्रोबेनकडे काम करणारा विद्वान बिआटुस रेनानुस इरॅस्मसला कळवतो की फक्त ६० उरल्यात. त्या काळात हा खप म्हणजे कमालच. दुसरीकडे लूव्हँ विद्यापीठातला धर्मपंडित मार्टिन डोर्प या पुस्तकावर नाराज होताच, त्याला इरॅस्मसने लांबलचक उत्तर लिहिलं आणि मोरनेही बाजू घेतली. पुढे १५५९ ला पोप चौथ्या पॉलच्या बंदी यादीत इरॅस्मसचं सगळंच लेखन गेलं.

या १८०० मधली एक प्रत मात्र जगात एकच आहे. ती बाझलचा शाळामास्तर ओस्वाल्ड मायकोनियसची, आणि तिच्या समासात पुढे नामवंत चित्रकार झालेल्या हान्स होल्बाइनने, तेव्हा जेमतेम अठराचा पोरगा, आणि त्याचा भाऊ आंब्रोसियसने शाईने चित्रं काढली, ८० च्या वर! पहिल्या चित्रात मूर्खता व्यासपीठावर चढतेय, शेवटच्यात उतरतेय. एका ठिकाणी लिहायला बसलेला तरुण इरॅस्मस आहे, आणि मायकोनियसने बाजूला नोंद केलीय की ते बघून इरॅस्मस म्हणाला, मी अजून असा दिसत असतो तर लग्नच केलं असतं. मला ही नोंद चित्रांइतकीच आवडते, कारण लेखक, चित्रकार आणि वाचक तिघंही एकाच पानावर भेटतात.

ती प्रत नंतर बाझलच्याच आमरबाख घराण्याच्या संग्रहात गेली, तो संग्रह १६६१ मध्ये बाझलने विकत घेतला, आणि आज ती तिथल्या कलासंग्रहालयात आहे. बाकीच्या वाचकांना ही चित्रं छापील रूपात मिळाली ती १६७६ मध्ये, फ्रेंच वैद्य शार्ल पातँच्या बाझल आवृत्तीतून.